मामाचे पाइन आणि अंगणातली मोरपंखी

तुमच्यापैकी किती जणांच्या पुस्तकात ‘विद्या’ आहे? अभ्यासाची विद्या नव्हे! चपटे, हिरवे, बारीक नक्षीचे ते पान. पुस्तकात ते दडपून ठेवले की अभ्यास चांगला होतो, असे वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांना वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. अभ्यास होतो की नाही, हे तुमच्या प्रगतिपुस्तकावरून तुम्हीच ठरवा. पण ज्या झाडाचे हे पान, त्या मोरपंखीने आमच्या गावातील एका मुलीला खरोखरच विद्या शिकवली. तिची ही हकीकत.

आमचे गाव मालेगाव. नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मोठे मालेगाव ते हे नव्हे. हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अकोल्याहून वाशीमकडे निघाले, पातूरचा घाट चढून मेडशी ओलांडली की आमचे गाव लागते. जुन्या वऱ्हाडात खालच्या सपाट मुलखाला पयानघाट आणि घाटावरच्या मुलखाला बालाघाट म्हणत. आम्ही बालाघाटातले. शिवारात काळी माती, तिच्यात सोयाबीन आणि तूर. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, ते सांगायलाच नको.

अशा या गावात एका दिवाळीला एक पाहुणे आले. ते होते पाइनचे बुटके झाड!

दोन झाडे, एक अंगण

आठवीतील त्या मुलीचे मामा सैन्यात आहेत. दिवाळीच्या सुटीवर येताना त्यांनी हिमाचलातील एका रोपवाटिकेतून भाचीसाठी एक कुंडी आणली. कुंडीत वीतभर उंचीचे, गोल गुबगुबीत, गडद हिरव्या सुयांचे झाड. “हे एवढेच राहते. दहा वर्षांनीही तुझ्या कमरेच्या वर जायचे नाही,” मामांनी सांगितले. घरापुढे अंगण ते केवढे, चार खाटा मावतील एवढे. तिथे आंबा-चिंच लावायची सोय नाही. तेव्हा असे शोभेचे बुटके झाड मिळाल्यावर मुलीला आकाश ठेंगणे झाले.

अंगणात ओट्याच्या कडेला आजोबांनी लावलेली मोरपंखी होती. तिच्यापासून दोन हातांवर मुलीने खड्डा खणला. कुंडीतून झाड काढले, नळाखाली मुळे स्वच्छ धुतली आणि काळ्या मातीत झाड लावले. रोज सकाळी शाळेत येण्यापूर्वी एक तांब्या पाणी. आजी मात्र पहिल्या दिवशीच म्हणाली होती, “थंड मुलकातलं झाड हे, पोरी! आपल्या उन्हात कसं टिकन?”

थंडीभर झाड हिरवेगार होते. आजीची थट्टाही करून झाली. मार्चमध्ये सुयांची टोके पिवळी पडली. मुलीने पाणी दुप्पट केले. एप्रिलअखेर झाड तांबूस तपकिरी झाले, हात लावला की सुया गळू लागल्या. दोन हातांवरची मोरपंखी मात्र जशीच्या तशी हिरवी!

मुलगी ते वाळलेले झाड पिशवीत घालून माझ्याकडे आली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तिने एवढेच विचारले, “सर, मी एक दिवसही पाणी चुकवले नाही. मग माझे काय चुकले?”

हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. “जाऊ दे, दुसरे लाव” असे म्हणून चालले नसते. झाड मेले तर मेले. पण ते आपल्या हातून मेले असे एखाद्याला वाटत असेल, तर खरे कारण शोधणे हे शिक्षकाचे कामच आहे. आम्ही प्रयोगवही उघडली आणि झाडाची उत्तरीय तपासणी सुरू केली.

आधी ओळख करून घेऊ

सुया जोडीजोडीने होत्या. प्रत्येक जोडी तळाशी एका तपकिरी आवरणात गुंडाळलेली, लांबी दीड-दोन इंच. पाइनच्या जाती ओळखताना सुयांच्या जुडग्यात किती सुया आहेत हे आधी मोजतात. आपल्या हिमालयातील चीड या पाइनच्या जुडग्यात तीन सुया असतात, कैलच्या जुडग्यात पाच. दोन आखूड सुया, दाट फांद्या आणि बुटकी ठेवण यांवरून हे झाड बहुधा मुगो पाइन असावे, असे आम्ही ठरवले. हे झाड मूळचे युरोपातील आल्प्स, कार्पेथियन अशा उंच पर्वतांवरचे. जगभरच्या थंड प्रदेशांत छोट्या बागेसाठी त्याचे बुटके प्रकार मुद्दाम लावतात.

मोरपंखीही शंकुधारी वनस्पतींपैकीच, म्हणजे पाइनची दूरची नातलग. दोघींनाही फुले-फळे येत नाहीत, शंकू येतात. मोरपंखीला सुया नसतात. तिची पाने म्हणजे फांदीला घट्ट चिकटलेले इवलेसे खवले. तुमच्या पुस्तकातील ‘विद्येचे पान’ हे एक पान नसतेच. ती असंख्य खवल्यांनी मढलेली एक चपटी डहाळी असते! भिंग घेऊन पाहा, खवले समोरासमोर जोडीने बसलेले दिसतील. लिनीअसने १७५३ साली या झाडाला ‘थुजा ओरिएंटॅलिस’ असे नाव दिले होते. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘प्लॅटीक्लॅडस ओरिएंटॅलिस’ म्हणतात. त्याचे मूळ गाव चीन-कोरियाकडचे.

म्हणजे मोरपंखीही इथली नव्हे! पाइन परके आणि मोरपंखी घरची, एवढ्यावर निकाल देता येत नाही. आज दक्षिण भारतात रानात आपोआप उगवणारे शंकुधारी झाड एकच आहे, आणि तेही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे. महाराष्ट्रातल्या बागांत दिसतात ती सारी बाहेरून आणलेली.

नेहमीच असे होते का? नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार लाव्हाच्या थरांनी बनत होते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचत, झाडे वाढत. त्या तळ्यांच्या गाळात नागपूरजवळ टाकळी येथे शंकूंचे जीवाश्म मिळाले आहेत. थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३१ साली त्यांतील एकाला गावावरून ‘टाकलिओस्ट्रोबस’ असे नाव दिले. म्हणजे एके काळी विदर्भात शंकुधारी झाडे आपली आपण वाढत होती! हवामान बदलले, भूमी बदलली आणि झाडेही बदलली.

बुटकेपणा येतो कुठून?

मग झाड बुटके का राहते? मुलीला वाटले होते, की त्याला खत कमी घातले असेल. तसे नाही. बुटकेपणाच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा जागेची. उंच पर्वतावर बोचरा वारा आणि बर्फाचा भार असतो. तिथे एरवी उंच वाढणारे झाडही जमिनीसरपट वाढते. तेच बी खाली दरीत लावले तर झाड उंच होऊ शकते.

दुसरी तऱ्हा हाताची. उथळ कुंडी, मुळांची छाटणी, फांद्यांना तारेने वळण, ही जपानी बोन्सायची कला. झाड जातीने उंचच. माळ्याच्या शिस्तीने लहान राहिलेले.

तिसरी तऱ्हा रक्ताची, म्हणजे आनुवंशिक. तुमच्या आजोबांना विचारा. जुनी गावरान ज्वारी उभ्या माणसाला झाकून टाकी. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे संकरित वाण आले, ते तिच्यापुढे ठेंगणे होते. ठेंगण्या झाडाची कांडी आखूड असतात. पाइनच्या बुटक्या प्रकारांतही असेच होते. सगळ्या डहाळ्या असतात, सुया असतात, पण दोन डोळ्यांमधले अंतर कमी. कधी कधी एखाद्या उंच पाइनवर मध्येच फांद्यांचा दाट गुंता फुटतो. युरोपातील लोक त्याला चेटकिणीची केरसुणी म्हणत. त्या गुंत्यातील काडी दुसऱ्या पाइनवर कलम केली की कित्येकदा बुटके झाड मिळते. बागांतील अनेक बुटके प्रकार असेच मिळालेले आहेत.

पाइनची वाढ पाहायला मोठी गमतीची. वसंतात प्रत्येक डहाळीच्या टोकाला मेणबत्तीसारखा उभा कोंब येतो. वर्षाची सगळी वाढ त्या कोंबात असते. माळी तो कोंब कोवळा असताना बोटांनी अर्धा खुडतो, त्यामुळे झाड आणखी दाट व आटोपशीर राहते. कात्री वापरत नाहीत, कारण कापलेल्या सुयांची टोके करपून तपकिरी दिसतात. आमच्या मुलीच्या झाडालाही फेब्रुवारीत असे दोन कोंब दिसले होते. ते नखाएवढे झाले आणि तिथेच थांबले.

चार संशयित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्ही फळ्यावर चार संशयितांची नावे लिहिली : चुना, पाणी, ऊन आणि चौथा एक अदृश्य सोबती.

पहिला संशयित चुना. आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते सहज घेता येत नाही. मग नवी पालवी पिवळी पडते. संत्र्याच्या बागांत हा पिवळेपणा अनेकांनी पाहिला असेल. पाइनही पिवळे पडले होते, तेव्हा संशय रास्त होता. पण पुस्तक उघडले तेव्हा आम्ही चकित झालो. मुगो पाइन आल्प्समध्ये चुनखडीच्या खडकांवरही वाढते! शिवाय लोह कमी पडले तर आधी कोवळी पाने पिवळी पडतात. इथे जुन्या सुयाही टोकांपासून पिवळ्या पडल्या होत्या. चुन्याला आम्ही निर्दोष सोडले नाही, पण मुख्य आरोपींच्या यादीतून नाव खाली घेतले.

दुसरा संशयित पाणी. मुळांवरची माती फोडली तेव्हा कुजकट वास आला. मुळांची टोके काळी आणि मऊ. दोन बोटांत धरून ओढले की साल मोज्यासारखी निसटून येई. ही मुळे गुदमरून मेली होती. होय, मुळेही श्वास घेतात! मातीच्या कणांमधल्या पोकळीतील हवेतून त्यांना ऑक्सिजन मिळतो. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. भिजली की ती फुगते आणि पोकळ्या बंद होतात. वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. तिला रोज तांब्याभर पाणी घातले, तर तळाला सतत चिखलच राहणार. आल्प्समधले पाइन उभे असते दगडगोट्यांच्या उतारावर. तिथे पाणी येते आणि लगेच निघून जाते.

पण झाड मेले कधी? उन्हाळ्यात, असे आम्हाला वाटत होते. सुईसारख्या पानांवर मेणाचा जाड लेप असतो, त्यामुळे ती हळू वाळतात. नाताळात तोडून आणलेले सूचिपर्णी झाड मुळाशिवायही किती तरी दिवस हिरवे दिसते. आमच्या पाइनची मुळे बहुधा हिवाळ्यातच कुजू लागली असावीत. मार्चमध्ये दिसली ती आजाराची सुरुवात नव्हती, शेवट होता. आणि पिवळेपणा पाहून दुप्पट केलेल्या पाण्याने उरलेसुरले काम केले!

तिसरा संशयित ऊन. आजीचा आरोप याच्यावर होता, आणि त्यात तथ्य आहे. मात्र दुपारच्या उन्हाइतकाच रात्रीचा उकाडाही घातक असतो. झाड दिवसा सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि श्वसनासाठी ते रात्रंदिवस खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. अतिउष्ण दुपारी झाड पाणी वाचवण्यासाठी पानांवरची छिद्रे मिटून घेते, म्हणजे मिळकत कमी. रात्र गरम, म्हणजे खर्च जास्त. पगार कमी आणि खर्च जास्त असलेल्या घरासारखी त्याची शिल्लक संपत जाते. आल्प्सची उन्हाळी रात्र गार असते. आमची मे महिन्यातली रात्र कशी असते, ते गच्चीवर झोपणाऱ्यांना विचारा. तेव्हा मुळे धडधाकट असती, तरी हे झाड मालेगावचा उन्हाळा पार करणे अवघडच होते.

चौथा संशयित सर्वांत मजेदार. मुलगी सहज बोलून गेली, “सर, मी मुळे अगदी पांढरीस्वच्छ धुतली होती. परकी माती नको म्हणून.” कुंडीतल्या मातीत काही दिसले होते का, असे मी विचारले. “बुरशीसारखे पांढरे धागे होते. तेही सगळे काढून टाकले.”

तिथेच कपाळाला हात लावायची वेळ आली!

मुळांचा अदृश्य सोबती

ते धागे रोगाचे नसावेत. बहुधा ते पाइनच्या मित्राचे होते. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली झाडाची मुळे आणि बुरशी यांच्या या भागीदारीला ‘मायकोऱ्हायझा’ हे नाव दिले. मराठीत आपण तिला कवकमूल म्हणू. बुरशीचे धागे मुळांहून कितीतरी बारीक असतात. जिथे मूळ पोचत नाही तिथून ते पाणी आणि फॉस्फरससारखी द्रव्ये आणून देतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर देते. पाइनच्या मुळाभोवती ही बुरशी पायमोज्यासारखे आवरण विणते. पाइनची बुरशी म्हणजे पाइनच्या जंगलातली खास मंडळी. ती आपल्या सोयाबीनच्या शेतात भेटत नाही.

ही भागीदारी किती महत्त्वाची आहे? कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिको नावाचे बेट आहे. तिथे पाइन मुळातच नव्हते. १९३० च्या दशकापासून तिथे पाइन लावण्याचे प्रयत्न झाले. रोपे उगवत, थोडी वाढत, पिवळी पडत आणि मरत. १९५५ साली अमेरिकेतील पाइनच्या जंगलातून माती आणून रोपांना दिली. रोपे तरारून वाढली! उणीव ना पाण्याची होती, ना खताची. त्यांना सोबती नव्हता.

मग मोरपंखीचे काय? तिच्याही मुळांत बुरशी असते, पण ती वेगळ्या गटातली. ती मुळाच्या पेशींत शिरून झाडासारख्या बारीक फांद्या पसरते. याच गटातील बुरश्या ज्वारी, तूर, सोयाबीन आणि कापूस यांच्या मुळांतही राहतात! म्हणजे चीनहून आलेल्या मोरपंखीला मालेगावच्या मातीत पाऊल टाकताच ओळखीची माणसे भेटली. पाइनला कोणीच भेटले नाही. आणि जे सोबत आले होते, ते नळाखाली वाहून गेले.

शेजारीण खरोखर सारखी होती का?

इथे थांबून पुढे गेलो असतो, तर एक चूक राहिली असती. “एकच अंगण, एकच माती, एकच ऊन, पाइन मेले आणि मोरपंखी जगली,” असे आपण धरून चाललो आहोत. खरोखरच माती एक होती का?

आम्ही मोरपंखीजवळ हातभर खोल खणून पाहिले. वर चार बोटे काळी माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे! ओटा बांधताना उरलेला भराव आजोबांनी तिथेच टाकला होता. पाणी तिथे थांबतच नव्हते. शिवाय मोरपंखी कित्येक वर्षांची, तिची मुळे खोल गेलेली. पाइन पाहुणे म्हणून कालच आलेले. तुलना न्याय्य नव्हती. मोठ्या पैलवानाची आणि लहान मुलाची कुस्ती लावून “लाल माती वाईट” असे म्हणण्यासारखे ते झाले असते.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडी मुलीने नवा प्रयोग मांडला. एकाच उंचीची, एकाच दिवशी आणलेली मोरपंखीची दोन रोपे. एक पाइनच्या जुन्या खड्ड्यात, निव्वळ काळ्या मातीत. दुसरे मुरूम आणि शेणखत मिसळून केलेल्या वीतभर उंच वरंब्यावर. पहिल्याला रोज पाणी; दुसऱ्याला बोट खुपसून माती कोरडी लागली तरच.

दिवाळीपर्यंत पहिले रोप खालून पिवळे पडू लागले होते. दुसऱ्याला नवी हिरवी डहाळी फुटली होती. म्हणजे उन्हाशी आणि चुन्याशी जुळवून घेणाऱ्या मोरपंखीलाही चिखल सोसत नाही!

मात्र या प्रयोगातही एक खोट आहे. ती तुम्हाला दिसली का? आम्ही माती आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. त्यामुळे दोष मातीचा किती आणि रोजच्या पाण्याचा किती, ते सांगता येत नाही. आणि दोन रोपांवरून नियम बांधता येत नाही. एखादे रोप मुळातच अशक्त असू शकते. ही खोट कशी काढायची, ते शेवटी सांगतो.

तुमच्या अंगणासाठी

लहान अंगणात बुटके सूचिपर्णी झाड हवे असेल, तर आमच्यासारख्या उष्ण, कोरड्या गावी मोरपंखी लावा. तिचा गोल, अंड्याच्या आकाराचा, पिवळसर झाक असलेला ठेंगणा प्रकार रोपवाटिकेत मिळतो. साधी मोरपंखी मात्र उंच वाढते, हे घेतानाच विचारून घ्या. ठेंगण्या प्रकाराचे बी पेरले तर रोप आईसारखेच निघेल असे नाही. म्हणून तो काडी लावून किंवा कलमाने वाढवतात.

हातभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. निम्मी माती, उरलेल्या निम्म्यात मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेले शेणखत. झाडाचा बुंधा भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा वर राहील असे लावा. पहिला चांगला पाऊस झाला की लावणे उत्तम. कुंडीतला मातीचा गोळा फोडू नका, आणि मुळे धुऊ तर मुळीच नका! भिंतीपासून दोन-तीन हात दूर ठेवा. मे महिन्यात सिमेंटची भिंत तव्यासारखी तापते.

कोरड्या उन्हाळ्यात मोरपंखीवर लाल कोळी पडतो. हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव रस शोषतो आणि झाड धुरकट दिसू लागते. आठवड्यातून एकदा पाण्याच्या फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुतले की तो आटोक्यात राहतो. छाटणी करायची तर फक्त हिरव्या भागाची. आतील तपकिरी, उघड्या फांदीपर्यंत कापले, तर तिथे पुन्हा फूट येणे कठीण.

आणि पाइनच हवे असेल तर? बुटक्या मुगोच्या मागे न लागता चीडचे रोप कुंडीत वाढवून पाहा. चीड हिमालयाच्या पायथ्याकडील टेकड्यांवर सुमारे पाचशे मीटर उंचीपासून वाढते, त्यामुळे उन्हाची तिला थोडी ओळख असते. ते जातीने उंच झाड आहे आणि त्याच्या सुया वीतभर लांब. ते लहान राहील ते तुमच्या हाताच्या शिस्तीने. मुरूम-वाळूची निचऱ्याची माती, दुपारनंतर सावली, आणि रोपाबरोबर आलेली माती जशीच्या तशी. जंगलातून माती उपसून मात्र आणू नका; तिच्यातून मित्राबरोबर रोगही येऊ शकतात.

करून पाहा

१. चुन्याची परीक्षा : शेतातून चुनखडीचा पांढरा खडा आणा, कुटून बशीत ठेवा आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो कार्बन डायऑक्साइड वायू. आता नुसत्या मातीवर लिंबू पिळून पाहा. तुमच्या मातीत चुना किती, याचा अंदाज येईल.

२. निचऱ्याची परीक्षा : अंगणात वीतभर रुंद आणि हातभर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा. पट्टी उभी धरून तासातासाने पाणी किती उतरले ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर त्या जागी झाड लावण्यापूर्वी वरंबा करा.

३. न्याय्य तुलना : आमच्या प्रयोगातील खोट काढण्यासाठी वर्गाने मिळून वीस कुंड्या घ्या. दहांत काळी माती, दहांत मुरूम मिसळलेली माती. प्रत्येक गटातील पाच कुंड्यांना रोज पाणी, पाच कुंड्यांना माती वाळल्यावरच. रोपे एकाच वयाची घ्या आणि कुणाला कोणती कुंडी ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मोरपंखीची एवढी रोपे मिळाली नाहीत, तर तूर किंवा झेंडू लावा. दर रविवारी उंची मोजा. सरासरी काढा आणि मगच निष्कर्ष लिहा.

प्रश्नाचे उत्तर

“माझे काय चुकले?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. पाणी जास्त झाले आणि मुळे धुतली गेली, या चुका तिच्या. पण दोन्ही मायेपोटी झालेल्या, आणि आता कळल्यामुळे पुन्हा न होणाऱ्या. गरम रात्री आणि पाइनच्या बुरशीवाचूनची माती, हा तिचा दोष नव्हता. झाडाची काळजी घेणे म्हणजे आपल्याला आवडते ते त्याला देणे नव्हे. ते कुठून आले आणि कुणाच्या सोबतीने जगते, हे आधी विचारायला हवे.

पुढच्या दिवाळीला मामा आले तेव्हा त्यांनी रोप आणले नाही. भाचीच्या पत्राप्रमाणे चीडचा एक वाळलेला शंकू आणला. तो आता तिच्या खिडकीत असतो. मेलेल्या शंकूचे खवलेही ओलावा शोषून मिटतात आणि वाळले की उघडतात. अशाने पाइनचे बी कोरड्या दिवशीच बाहेर पडते आणि वाऱ्यावर दूर जाते. उन्हाळ्यात शंकू फुलासारखा उघडा असतो. मृग लागला, हवा दमट झाली की हळूहळू मिटू लागतो. मग मुलगी आतूनच ओरडते, “आजी, वाळवण उचल!”

मालेगावात पाइन काही रुजले नाही. पण त्याचा शंकू मात्र आमच्या गावच्या हवेची खबर रोज देतो आहे.